सीबीआयचा पॅच आणि पांढरी पट्टी

काकांचा फोन आला, "सीबीआयचा एक पॅच मिळालाय. येऊन बघतेस का?" सीबीआय म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर छापे आणि सील ठोकलेली कपाटं आली. काका फोनवरच हसत सुटले. हे सीबीआय म्हणजे चायना-बर्मा-इंडिया, अमेरिकेने १९४२ साली आपल्याकडच्या युद्धासाठी उभारलेला विभाग. त्यातले अमेरिकन सैनिक डाव्या दंडावर ढालीच्या आकाराचा पॅच लावायचे. खाली लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्या, वर निळं, निळ्यात एका बाजूला चीनचा बारा किरणांचा सूर्य आणि दुसऱ्या बाजूला हिंदुस्थानचा तारा.

माझा खरा धंदा लग्नाच्या ब्लाउजवरच्या जरदोजीचा. अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून बसवायच्या लाकडी चौकटीवर, दोन कारागीर बसतात, तिसरी मी. काका बँकेतून निवृत्त झालेले, लष्करी बिल्ल्यांचे संग्राहक. सात-आठ वर्षांपूर्वी एका बिल्ल्याची सुटलेली जर शिवून घ्यायला ते आले होते. बिल्ला उलटा करून बघितल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "हे मशीनचं आहे की हो." हाताचं म्हणून त्यांनी तो घेतला होता. त्यांचा चेहरा असा पडला की मला शिवणावळ मागायची लाज वाटली. पण तेव्हापासून काही विकत घ्यायचं झालं की ते आधी मला दाखवतात, आणि त्यांच्यामुळे आणखी चार-पाच संग्राहक.

मशीनचं ओळखणं सोपं असतं. मागे खालच्या रिळाचा वेगळा दोरा दिसतो, टाके एकसारख्या अंतरावर पडलेले असतात, आणि कंटाळा कुठेच दिसत नाही. हाताच्या कामात कंटाळा दिसतो. एका पानात सतरा टाके, शेजारच्यात पंधरा. एका फुलाकडून दुसऱ्याकडे जाताना मागून तिरका ओढलेला दोरा. चार ठिकाणी गाठी. त्यामुळे पहिलं वर्षभर मला वाटत होतं, हाताचं आहे एवढं कळलं की झालं.

पण खोटे बिल्लेही हातानेच बनतात. जरीच्या कामाचे लष्करी बिल्ले आजही बनारसला बनतात, तिकडे पाकिस्तानात सियालकोटला बनतात, आणि जगभरच्या सैन्यांना रीतसर पुरवले जातात. अड्डा तोच, सुई तीच, दबका तोच. दबका म्हणजे बारीक तारेची स्प्रिंगसारखी पोकळ नळी. ती कात्रीने हव्या त्या लांबीची कापायची आणि मण्यासारखी सुईत ओवून टाक्याने बसवायची. ऐंशी वर्षांपूर्वी हे असंच करत आणि आज सकाळी आमच्या अड्ड्यावरही असंच केलं. मग तुकडा जुना आहे हे कशावरून सांगायचं? सीबीआयच्या पॅचचं तर आणखी अवघड. अमेरिकेतल्या कारखान्यांत बनलेले पॅच होतेच, पण पुष्कळ सैनिकांनी ते इथल्याच बाजारात, शिंप्यांकडून आणि जरीवाल्यांकडून करून घेतले. म्हणजे अस्सल पॅचही इथलाच आणि नक्कलही इथलीच. कदाचित एकाच घरातली, आजोबाची आणि नातवाची.

कारखान्याच्या मालात एक नमुना ठरलेला असतो, त्याच्याशी ताडून बघता येतं. बाजारातल्या कामात तसं काही नसतं. शिंप्यासमोर कुणीतरी दंड पुढे केला असेल, "असाच करून दे." सूर्याला बाराऐवजी अकरा किरणं, तारा जरा फुगलेला. इंग्रजी अक्षरं असलेल्या बिल्ल्यांत चूक दिसली की संग्राहक लगेच नकली म्हणतात. पण इंग्रजी न येणाऱ्या कारागिराने १९४४ सालीही चूक केलीच असणार. म्हणून इथे मी नक्षीवर फार भिस्त ठेवत नाही.

काकांकडे गेले. पॅच काळ्या कागदाच्या अल्बममध्ये कोपरे अडकवून बसवलेला. खाली काकांच्या सुवाच्य अक्षरात: 'कलकत्ता, १९४३'.

"१९४३ कशावरून?"

"विकणाऱ्याने लिहून दिलंय."

"आणि कलकत्ता?"

"तेही त्यानेच." काकांनी चष्मा पुसायला घेतला. अठरा हजार मोजले होते, तेही मला न विचारता, कारण दुसरं गिऱ्हाईक तयार होतं म्हणे. दुसरं गिऱ्हाईक नेहमीच तयार असतं.

मी पॅच घरी आणला. पहिल्या दिवशी फक्त बघायचं, हे मी एका चुकीनंतर शिकले आहे. ती चूक इथे सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

एका कुटुंबाकडून आजोबांच्या नौदलातल्या टोपीचा बिल्ला आला होता. रॉयल इंडियन नेव्हीच्या काळातला, लंगर, भोवती पानांची माळ, वर मुकुट. विकायचा नव्हता, फ्रेम करायचा होता. फक्त 'खरा ना?' एवढं हवं होतं. मी नवीनच अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेतला होता, ३६५ नॅनोमीटरचा, आणि नव्या हत्यारावर माणसाचा जरा जास्तच जीव असतो. कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून जी रसायनं वापरतात, ती या उजेडात निळीपांढरी पेटल्यासारखी दिसतात. कपड्यांत आणि धुण्याच्या पावडरीत त्यांचा सर्रास वापर महायुद्धानंतरचा. म्हणून संग्राहकांचा सोपा नियम: चमकलं की युद्धानंतरचं. अंधार करून टॉर्च मारला, तर बिल्ल्याची मागची बाजू ट्यूबलाइटसारखी उजळली. त्यात मुकुटाच्या आतल्या मखमलीचा लाल रंग आजूबाजूला फुटलेला. मी म्हटलं, जुनं दिसावं म्हणून कशात तरी बुडवलंय. कळवून टाकलं: नवा आहे, नकली आहे.

पंधरा दिवसांनी त्या घरातल्या आजींचा फोन आला. रागावलेल्या नव्हत्या, त्यामुळे जास्तच लागलं. म्हणाल्या, "अगं, पन्नास सालच्या सव्वीस जानेवारीला मुकुट गेला, सिंह आले. मग तो बिल्ला घरात नुसताच पडून. पुढे आमच्या धाकट्याच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं, त्याला खलाशी केला होता. त्याच्या पांढऱ्या टोपीवर मीच शिवला. आणि ती टोपी नंतर टिनोपालमध्ये मीच बुडवली, बिल्ल्यासकट. आहे तर आहे."

बिल्ला परत मागवला. आता काय बघायचं ते ठाऊक होतं. मागचा मांजरपाट चमकत होता, नक्षीला उठाव यावा म्हणून दबक्याखाली घातलेल्या भरणाच्या कडेने बाहेर आलेली सुतळी चमकत होती, दबका बसवणारा दोराही चमकत होता. सुती असेल ते सगळं चमकत होतं. निळं लोकरी कापड तेवढं मठ्ठ. पांढरे कपडे उजळवणाऱ्या टिनोपालला भरण कोणतं आणि अस्तर कोणतं याचं काय. जिथे सूत सापडेल तिथे ते शिरतं. आणि लाल फुटला होता तो पाण्यात गेल्यामुळे. कडेला टाक्यांच्या भोकांच्या दोन ओळी होत्या, एक टोपीच्या पट्टीवरची घट्ट, दुसरी आजींची, लांब लांब टाक्यांची. त्या ओळी मी पहिल्या वेळी भिंगातून पाहिल्या होत्या आणि सोडून दिल्या होत्या. मी पत्र लिहून माफी मागितली. आजींनी उत्तरादाखल खलाशाच्या वेशातल्या मुलाचा फोटो पाठवला. तो आमच्या अड्ड्याशेजारी भिंतीवर आहे.

तर काकांचा पॅच. पहिल्या दिवशी खिडकीशी, बाजूने येणाऱ्या उजेडात ठेवला. समोरून येणाऱ्या उजेडात जर नुसती चकाकते. तिरक्या उजेडात उंचवटे, दबलेल्या जागा, शिवणीने पडलेले खड्डे दिसतात. पट्ट्या कापडाच्या, निळ्या लोकरीवर बसवलेल्या; सूर्य आणि तारा रुपेरी दबक्याचे; कडेने जरीचा गोफ. दुसऱ्या दिवशी उलटा केला. मागे खळीने चिकटवलेला कागद होता, एका कोपऱ्यात सुटलेला. काम ताठ राहावं म्हणून हे करतात, आम्हीही कधी कधी करतो.

मग भिंग, दहापटीचं. सूर्याच्या एका किरणाशी दबक्याचं टोक तुटलं होतं, तिथे रुप्याखालचं तांबं लालसर दिसलं. म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चमक चढवलेली आजची स्वस्त जर ही नव्हे. पण एवढ्याने तारीख लागत नाही. तांब्यावर रुपं चढवलेली जर सुरतेला आजही बनते.

काळपटपणा कसा चढलाय हे त्याहून उपयोगाचं. जर आपसूक काळवंडते ती हवा लागेल तशी. वर आलेल्या वळणांवर जास्त, दोन नळ्या एकमेकींना टेकतात तिथे कमी, वरच्या नळीने झाकलेल्या जागी जवळजवळ नाहीच. रसायनात बुडवून काळं केलेलं असेल तर काळेपणा सगळीकडे सारखा, अगदी नळीच्या खालच्या अंगालाही, आणि शेजारच्या कापडावर तपकिरी ओघळ. लाकडी टाचणीने मी एक नळी केसभर उचलली. खाली रुपं स्वच्छ होतं, दुधाच्या भांड्यासारखं. आपसूक काळवंडलेली जर. काका हे ऐकतील तेव्हा किती खूष होतील असं वाटलं, आणि फोन करायचा मोह आवरला.

कसर लागलेली होती, निळ्या लोकरीला दोन ठिकाणी. कसरीचा किडा लोकर वेड्यावाकड्या वाटेने वरवर चरत जातो, मधेच थांबतो, मधेच आरपार भोक पाडतो. काचकागदाने घासून 'कसर' करणारे लोक गोल गोल घासतात, आणि उत्साहाच्या भरात सुती पट्टीही घासून ठेवतात. सुती कापडात किड्याला काय स्वारस्य? इथे खाल्लेली फक्त लोकर होती.

मागच्या बाजूला दोऱ्याचं एक लोंबतं टोक होतं. काकांना विचारून त्यातला तीळभर तुकडा चिमट्यात धरला आणि मेणबत्तीजवळ नेला. पॉलिएस्टर असतं तर आधी आक्रसून मग त्याचा टणक मणी झाला असता. हा भुरकन जळला, कागद जळल्याचा वास आला, करडी राख राहिली. सुती. पॉलिएस्टरचा शोध १९४१ सालचा, पण दोरा म्हणून ते शिंप्याच्या रिळावर यायला युद्ध संपून बरीच वर्षं जावी लागली. म्हणून १९४३च्या कामात, भरण बसवणाऱ्या आतल्या टाक्यांत, पॉलिएस्टर निघालं तर विषय संपतो. आतल्या टाक्यांत, हे महत्त्वाचं. कडेच्या शिवणीत निघालं तर ते कुणीतरी नंतर शिवलेलं असू शकतं. इथे आत सूत आणि बाहेरही सूत.

तोपर्यंत सगळं पॅचच्या बाजूने होतं. चाचा, आमचे थोरले कारागीर, चहा पीत बघत होते. त्यांनी पॅच हातात घेतला, मागच्या गाठींवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दीदी, ये सीखनेवाले का काम है. देखो, दबका काटना नहीं आता." खरंच, ताऱ्याच्या एका टोकाला नळी लांब कापल्यामुळे वर उचलली गेली होती आणि दुसरीकडे आखूड पडल्याने खालचं भरण दिसत होतं. जुना आहे का, असं विचारल्यावर चाचांनी खांदे उडवले. "सीखनेवाले तो हर ज़माने में होते हैं."

टॉर्च मी मुद्दाम शेवटी ठेवते. आजींनंतरची सवय. रात्री दिवे बंद केले, पाच मिनिटं अंधाराला डोळे सरावू दिले आणि टॉर्च लावला.

पांढऱ्या पट्ट्या पेटल्या. फक्त पांढऱ्या पट्ट्या.

मी उलटा केला. मागचा कागद मठ्ठ पिवळा. सुटलेल्या कोपऱ्यातून दिसणारं अस्तर मठ्ठ. दोरा मठ्ठ, गाठी मठ्ठ. पुन्हा सुलटा केला. पट्टीवर जिथे दोऱ्याचा टाका होता तिथे उजळ पांढऱ्यावर बारीक काळी रेघ दिसत होती. हे धुण्यातून आलेलं असतं, तर टिनोपालने दोऱ्याला आणि अस्तरालाही सोडलं नसतं. लालही पांढऱ्यात फुटला असता. तो जागच्या जागी होता. शिवाय पाण्यात गेला असता तर खळीचा कागद कधीच सुटून गेला असता. म्हणजे चमक गिरणीतून आली होती. पांढरं कापड कारागिराच्या हातात पडलं तेव्हाच ते तसं होतं. आणि तसं कापड १९४३ साली कलकत्त्याच्या बाजारातल्या शिंप्याकडे असण्याचं कारण नाही.

पट्ट्या नंतर बदलल्या असतील का? अर्धा तास त्यावर घालवला, कारण मला तसं असायला हवं होतं. पण सूर्य-ताऱ्याच्या खालच्या कडेचा गोफ पट्ट्यांच्या वरच्या टोकांवरून गेला होता आणि तो एकदाही उसवलेला नव्हता. त्याच्या खाली भोकांची एकच ओळ. पट्ट्या पहिल्यापासूनच्या.

मग हे आहे तरी काय? फसवण्यासाठी केलेलं काम असं नसतं. कसर खोटी नाही, काळपटपणा खोटा नाही, कडेला शिवून काढल्याच्या खुणा आहेत आणि त्या भोकांत खाकी नव्हे तर गडद निळ्या धाग्याचे तंतू अडकलेले. युद्धानंतर या सैनिकांच्या संघटना झाल्या, वर्षानुवर्षं मेळावे भरत राहिले, आणि त्यांच्या कोटांसाठी, टोप्यांसाठी पॅच पुन्हा करून घेतले गेले. माझा अंदाज, हा त्यातला एक. कुणा म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाने निळ्या कोटावर लावून मिरवलेला. खोटा तो पॅच नव्हताच. त्याच्याबरोबर आलेली '१९४३' ही चिठ्ठी खोटी होती.

अहवाल मी पानभराचाच देते. आधी काय काय बघितलं ते, मग निष्कर्ष. 'अस्सल' हा शब्द मी वापरत नाही. नवेपणाचा पुरावा सापडतो. जुनेपणाचा सापडत नाही, फक्त नवेपणाचा पुरावा सापडायचा थांबतो. सगळं नीट जमलेल्या तुकड्याबद्दलही मी 'सांगितलेल्या काळाशी विसंगत काही आढळलं नाही' असंच लिहिते. लोकांना ते आवडत नाही. एकाने तर 'एवढ्यासाठी पैसे घेता?' असं विचारलं होतं. काकांच्या कागदावर लिहिलं: 'हातकाम. वापरलेलं. युद्धकालीन नाही, पांढऱ्या पट्ट्यांचं कापड युद्धोत्तर आणि मूळचं. जुनं दिसावं म्हणून केलेले उपाय आढळले नाहीत.'

काकांनी तो दोनदा वाचला. विकणाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, माल एकदा गेला की गेला, आणि टॉर्चबिर्च आम्ही मानत नाही. फोन ठेवल्यावर काका बराच वेळ गप्प बसले. काकू आतून म्हणाल्या, "अठरा हजारांत माझी पैठणी आली असती." मी काही बोलले नाही. जरीच्या बाबतीत काकूंना सगळं कळतं.

मग काकांनी खोडरबर आणलं. 'कलकत्ता, १९४३' खोडताना काळ्या कागदावर पांढुरका डाग उमटला. "काय लिहू?"

"युद्धानंतर."

"एवढंच?"

"निळ्या कोटावरचा, असंही लिहा हवं तर."

त्यांनी तेही लिहिलं. पॅच अल्बमच्या मागच्या पानावर हलवला आणि टेबलाच्या खणातून एक डबी काढली. आत सोनेरी जरीचा टोपीचा बिल्ला, वर मुकुट, ब्रिटिश. मुकुटाच्या कमानी मधे न दबता घुमटासारख्या गोल जुळलेल्या. एलिझाबेथ राणी आल्यावर, १९५३च्या सुमारास, तिकडच्या बिल्ल्यांवरच्या मुकुटाच्या कमानी मधे दबल्या, हे काकांनीच मला कधीकाळी शिकवलं होतं.

"याला टॉर्चची गरजच नाही," काका म्हणाले. "मुकुट गोल आहे. म्हणजे त्रेपन्नच्या आधीचा. पंचवीस सांगतोय, वीसला देईल."

"काका, २०२२ साली चार्ल्स राजा आला. त्याने मुकुट पुन्हा गोल घेतलाय. आता नवे बिल्लेही तसेच बनतात."

काकांनी डबी माझ्याकडे सरकवली. "पैसे अजून दिलेले नाहीत," ते आतल्या खोलीकडे बघत जरा मोठ्याने म्हणाले.